तहात हरलो म्हणताना

आबांच्या लोखंडी ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली, एक तारा ठेवलेला असायचा. पितळी रंगाचा, सहा टोकांचा, हातात घेतला की थंड लागणारा. फीत विटली होती, तरी मधला हिरवा पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना पांढरा आणि कडेला लाल, हे रंग ओळखू यायचे. हे इटलीच्या झेंड्याचे रंग आहेत हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोपर्यंत तो नुसता ‘आबांचा बिल्ला’ होता.

आबा शिरोळ तालुक्यातले. तिकडं सैनिक टाकळी आहे, जिथल्या घराघरातून माणूस फौजेत गेला आणि गावाच्या नावातच सैनिक हा शब्द येऊन बसला. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण आबा गेले होते. मराठा पलटणीतून, दुसऱ्या महायुद्धात, इटलीच्या आघाडीवर. लढाईच्या गोष्टी ते सांगायचे नाहीत. आम्ही फार मागं लागलो की तिथल्या चिखलाबद्दल सांगायचे, आणि लढाई संपली त्या दिवसाबद्दल.

“आमची पलटण मागं आली हुती. लंगरात डाळ शिजत हुती. सुभेदारसाहेब आलं आन् म्हणालं, जर्मनानं हत्यार टाकलं. कुणी वरडलं न्हाई, कुणी नाचलं न्हाई. एक जण खाली बसला आन् बुटाची नाडी सोडाय लागला. दिवसाचं बूट काढायचा हुकूम नव्हता आम्हास्नी. सुभेदारसाहेबांनी बघितलं. काय बोललं न्हाईत.”

एवढंच. लहानपणी मला ही गोष्ट अगदी फिकी वाटायची. लढाई संपली म्हणजे तुताऱ्या वाजल्या पाहिजेत, कुणीतरी कुणाच्या पायाशी तलवार ठेवली पाहिजे, असं आमच्या इतिहासाच्या पुस्तकांनी मनात भरवलेलं. बूट काढणारा शिपाई त्यात कुठं बसत नव्हता.

तो दिवस २ मे १९४५ चा. जर्मनांनी हत्यारं टाकली म्हणजे नक्की काय झालं, कुणी कुणाशी काय बोललं, कागदावर सही कुणाची होती, हे मी खूप नंतर वाचलं. तेव्हा आबा राहिले नव्हते. पण ते वाचताना मला सारखी आठवण यायची ती इटलीची नव्हे, आमच्या मळ्यातल्या बांधाची.

आबांचे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही थोरले आप्पा म्हणायचो, त्यांनी आमच्या बाजूचा बांध कोरला होता. दर पावसाळ्याच्या तोंडाला एखादा फाळ आत. मोजणी झाली, दावा लागला, आणि तो अकरा वर्षं चालला. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा निकाल आमच्या बाजूनं आला. तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, पेढे आणले. आबांनी पेढा बाजूला ठेवला, पटका बांधला आणि निकालाची नक्कल घेऊन ते थेट आप्पांच्या सोप्यात जाऊन बसले. मी त्यांच्या मागं मागं गेलो होतो. अकरा वर्षांत त्या घराचा उंबरा आमच्यापैकी कुणी ओलांडला नव्हता.

तिथं जे ठरलं ते पुढं पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर उतरलं. मोजणीची हद्द आमची. पण विहिरीकडं जाणारी पायवाट आप्पांची, ती बुजवायची नाही. शेतात आप्पांचा ऊस उभा होता, तो कारखान्याला तुटून जाईपर्यंत बांध आहे तिथंच राहील. आणि सही एकट्या आप्पांची चालणार नाही, त्यांच्या थोरल्या मुलाचीही लागेल. आबांनी हे शेवटचं कलम फार लावून धरलं. “आप्पा किती दिसाचा? त्यानं डोळं मिटल्यावर कागद कोण पाळणार?”

घरी आल्यावर तात्या चिडले होते. ते म्हणाले ते वाक्य आपल्याकडं पोराटोरांनाही पाठ असतं: “कोर्टात जिंकलो आणि तहात हरलो.”

आबा पाय धुवत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, “त्याला चावडीसमोरनं मान वर करून जाता आलं पायजे. न्हाईतर उद्या त्याचं पोरगं कोयता घिऊन बांधावर उभं ऱ्हाईल. मग तू जा त्याच्या म्होरं.”

‘युद्धात जिंकले, तहात हरले.’ हे वाक्य आपण किती सहज वापरतो! १९६५ ची लढाई निघाली की कुणीतरी ताश्कंद काढतो, हाजीपीर खिंड परत दिली म्हणून हळहळतो. पुरंदरचा तह शाळेत शिकताना वर्गात सगळे गप्प होतात. महाराजांनी २३ किल्ले दिले, आपल्याकडं १२ ठेवले. पण त्या १२ किल्ल्यांवर आणि जिवंत राहिलेल्या माणसांवरच पाच वर्षांनी सिंहगड परत आला, हे वाक्य त्याच श्वासात कुणी म्हणत नाही. लढणाऱ्यांचे पुतळे आपण चौकाचौकात उभे केले, आणि ते असलेच पाहिजेत. पण दोन्हीकडच्या तंबूंत हेलपाटे घालून, एकेका कलमावर रात्र रात्र घासाघीस करून लढाई थांबवणाऱ्या वकिलाचा एक तरी पुतळा कुणी पाहिलाय? लढाई संपवणं हे लढण्याइतकंच कसबाचं काम आहे, आणि त्याला आपण मान दिलेला नाही, असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरकरानं तर तहाला नावं ठेवूच नयेत. आपलं संस्थान तहानंच पक्कं झालं. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणी आपण रोज पाहतो. त्यांनी औरंगजेबाशी दिलेली झुंज आपल्याला ठाऊक असते. पण १७०७ साली शाहू महाराज (हे साताऱ्याचे, आपले राजर्षी नव्हेत) मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि पुढची चोवीस वर्षं मराठेच मराठ्यांशी लढत राहिले. १७१४ नंतर पन्हाळ्याच्या गादीवर राजाराम महाराजांचे दुसरे पुत्र संभाजीराजे होते. म्हणजे भांडण होतं दोन चुलतभावांचं. १७३० मध्ये वारणेच्या काठी कोल्हापूरच्या फौजेचा मोड झाला. ताराराणी, संभाजीराजांच्या आई राजसबाई आणि पत्नी जिजाबाई, तिघी साताऱ्याच्या हाती सापडल्या.

जिंकलेल्या शाहू महाराजांनी इथं जे केलं ते मला लढाईपेक्षा मोठं वाटतं. राजसबाई आणि जिजाबाई यांना मानानं परत पाठवलं. १७३१ च्या फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघे भाऊ भेटले. एप्रिलात वारणेचा तह झाला. वारणा आणि कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख तुंगभद्रेपर्यंत कोल्हापूरचा. तुमचा वैरी तो आमचा वैरी. एकाच्या पदरचा माणूस पळून आला तर दुसऱ्यानं त्याला नोकरीत ठेवायचं नाही. हे शेवटचं कलम वाचून मी थांबलो होतो. इतकी वर्षं लढाई पेटती कशी राहिली याचं उत्तर त्यात होतं. या दरबारात रुसलेला सरदार त्या दरबारात जायचा आणि नव्यानं आग लावायचा. तह लिहिणाऱ्यांनी नेमकी ती फट ओळखून बुजवली.

पुण्याकडून येताना किणीच्या अलीकडं वारणेचा पूल लागतो. एसटीत बसलेल्या माणसाला तो दोन मिनिटंही पुरत नाही. मी मात्र तिथं दरवेळी खिडकीतून खाली बघतो. नदीच्या पाण्यानं आखलेली ती हद्द, आणि अलीकडं पलीकडं सारखाच ऊस.

आता इटली. १९४३ च्या जानेवारीत कासाब्लांका इथं रूझवेल्ट यांनी जाहीर केलं होतं की शत्रूची शरणागती बिनशर्तच घेतली जाईल. ऐकायला हे सोपं वाटतं. पण बिनशर्त म्हटलं तरी बोलणी सुटत नाहीत. हत्यारं कुठं आणि कधी टाकायची, जखमींचं काय, कैद्यांना खायला कोण घालणार, सुरुंग कुठं पुरलेत ते कोण दाखवणार, आणि सगळ्यात आधी, समोर बसलेल्या माणसाच्या शब्दाला त्याच्या फौजेत वजन आहे की नाही?

१९४५ च्या ८ मार्चला झुरिकमध्ये एका घरात दोन माणसं भेटली. एक अमेरिकन गुप्तहेर खात्याचे ॲलन डलेस. दुसरा इटलीतल्या जर्मन एस.एस. दलाचा, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा, प्रमुख जनरल कार्ल वोल्फ. मधे मध्यस्थ होते एक इटालियन उद्योगपती, एक स्विस शाळाचालक आणि स्विस लष्करातला एक मेजर. भेटीआधी डलेस यांनी एक खूण मागितली होती. जर्मनांच्या कैदेत असलेले इटालियन प्रतिकार चळवळीचे दोन माणसं सोडून दाखवा. त्यातले एक फेरुच्चो पार्री. वोल्फनं दोघांना सरहद्दीपार आणून सोडलं. त्यावरून कळलं की हा माणूस बोलतो ते करू शकतो. (पार्री त्याच वर्षी जूनमध्ये इटलीचे पंतप्रधान झाले.)

वोल्फचं नाव लिहिताना माझा हात अडखळतो. १९४२ मध्ये वॉर्सातल्या ज्यूंना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडं नेणाऱ्या आगगाड्या मिळवून देण्यात याच माणसाचा हात होता. १९६४ साली म्युनिकच्या न्यायालयानं त्याला त्यासाठी १५ वर्षांची शिक्षा दिली. अशा माणसासमोर बसून बोलायचं? मी यावर बराच विचार केला आहे. माझं उत्तर हो असंच येतं, पण ते सुखानं येत नाही. हत्यार ज्याच्या हातात आहे त्याच्याशीच बोलावं लागतं. सज्जनाशी तह करायची वेळ सहसा येतच नाही.

बोलणी महिनाभर रखडली. स्टालिनला संशय आला की इंग्रज आणि अमेरिकन आपल्या पाठीमागं वेगळा तह करताहेत. त्यानं रूझवेल्ट यांना फार कडू पत्रं लिहिली. रूझवेल्ट दुखावले, त्यांनीही तसंच उत्तर दिलं, आणि १२ एप्रिलला ते वारले. एप्रिलच्या विशीत तर वॉशिंग्टनहून हुकूमच आला की वोल्फशी सगळा संबंध तोडा.

या रखडण्याच्या मध्यात ९ एप्रिल येतो. त्या दिवशी सेनिओ नदीवर हल्ला झाला. मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव, आपल्या अहमदनगरकडचे, कंपनीचे निरोपे होते. नदी ओलांडताना त्यांच्या सोबतीचे बहुतेक जण पडले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून मागं नेलं, आणि मग एकट्यानं परत जाऊन मशीनगनची ठाणी मोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आदल्या जुलैत तिबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला होता.

झुरिकची पहिली भेट ८ मार्चची. सेनिओ ९ एप्रिलची. सही २९ एप्रिलची. हे तीन आकडे मी एका कागदावर लिहून बघत बसलो होतो. सेनिओच्या पाण्यात पोरं पडत होती तेव्हा बोलणी सुरू होऊन एक महिना झाला होता. आबांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते? ते चिडले नसते असं मला वाटतं. अकरा वर्षं दावा चालवलेला माणूस होता तो. बोलणी आणि बांधावरची हाणामारी एकाच वेळी चालते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सही झाली ती नेपल्सजवळच्या कासेर्ताच्या राजवाड्यात. जर्मनांकडून आलेले दोघेही दुय्यम अधिकारी होते, साध्या कपड्यांतले. श्वाइनित्स हा लष्कराच्या सेनापतीकडून, वेन्नर हा वोल्फकडून. दोस्तांच्या बाजूनं जनरल मॉर्गन. श्वाइनित्सनं सही करताना सांगितलं की मला दिलेल्या अधिकाराच्या पलीकडं जाऊन मी ही सही करतोय, पण माझे सेनापती ती मानतील असा माझा विश्वास आहे. केवढं धाडस! लाखो माणसांचे जीव त्या एका ‘मानतील’वर टांगलेले.

आणि तहात वेळ दिली होती ती लगेचची नव्हे. २ मे, ग्रिनिचच्या घड्याळानं दुपारी १२. मधले तीन दिवस कशाला? तर दोघांना विमानानं, मग मोटारीनं, स्वित्झर्लंडमधून आल्प्समधल्या बोल्झानोला पोचायचं होतं. कागद दाखवायचा होता. मग हुकूम प्रत्येक डोंगरातल्या प्रत्येक तुकडीपर्यंत उतरायचा होता. उभा ऊस तुटून जाईपर्यंत बांध आहे तिथंच, हे कलम आबांना सुचलं ते अनुभवातून. कासेर्तात ते घड्याळाच्या काट्यावर बसवलं होतं.

ते तीन दिवस वाचताना आजही पोटात गोळा येतो. ३० एप्रिलला वरिष्ठ सेनापती केसेलरिंग यांनी शरणागतीला तयार असलेल्या फिटिंगहॉफ यांना काढून टाकलं आणि जागी दुसरा माणूस बसवला. म्हणजे ज्याच्या वतीनं सही झाली तो सेनापतीच राहिला नाही. बोल्झानोत वोल्फच्या गटानं नव्या माणसाला अटक केली, मग सोडलं, मग पुन्हा वाद. एकाच इमारतीत जर्मन जर्मनांवर पिस्तुलं रोखून. १ मेच्या रात्री रेडिओवर हिटलर मेल्याची बातमी आली, आणि २ मेच्या पहाटे केसेलरिंग यांनी मान डोलावली. मुदत संपायला काही तास उरले होते. इटली आणि पश्चिम ऑस्ट्रियातल्या जवळजवळ दहा लाख सैनिकांनी हत्यारं टाकली.

त्या दुपारी आमच्या पलटणीत डाळ शिजत होती.

पुढचं युरोपातलं सहा दिवसांत उरकलं. ७ मेच्या पहाटे फ्रान्समध्ये रँसला जनरल योडलनं सही केली. त्याला अजून दोन दिवस हवे होते, आपलं सैन्य रशियनांऐवजी अमेरिकनांच्या हाती पडावं म्हणून. आयझेनहॉवर यांनी सांगितलं, ताबडतोब सही करा, नाहीतर आमची हद्द तुमच्या लोकांना बंद. रशियानं हा कागद पुरेसा मानला नाही. म्हणून बर्लिनला दुसऱ्यांदा सही झाली, या वेळी कायटेलची. सगळ्यात वरच्या माणसानं, हरलेल्या राजधानीत, ज्यांनी सर्वांत जास्त माणसं गमावली त्यांच्यासमोर केलेली. रशियाचा हट्ट मला गैर वाटत नाही.

जपानचं मात्र वेगळं. १० ऑगस्ट १९४५ ला जपाननं कळवलं, तुमच्या अटी मान्य, फक्त सम्राटाच्या अधिकाराला धक्का नको. यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी पाठवलेलं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यात ‘सम्राट राहील’ असं नाही, ‘जाईल’ असंही नाही. सम्राटाचा अधिकार दोस्तांच्या सरसेनापतीच्या हाताखाली राहील, एवढंच. पण हाताखाली राहायचं म्हणजे आधी राहायला तर हवं! ज्याला मान वर ठेवायची होती त्याला तेवढी फट त्या वाक्यात सापडली. तरी १४ ऑगस्टच्या रात्री काही अधिकाऱ्यांनी राजवाड्यात बंड केलं, सम्राटाच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका शोधत खोल्या धुंडाळल्या. ती सापडली नाही. १५ ला दुपारी देशानं पहिल्यांदा सम्राटाचा आवाज ऐकला.

तरीसुद्धा हुकूम खाली पोचेल याची खात्री नव्हती. म्हणून राजघराण्यातले राजपुत्र विमानानं आघाडीवर धाडले, मांचुरियाला, चीनला, सैगॉनला. सम्राटाच्या रक्ताचा माणूस समोर उभा राहून सांगतोय म्हटल्यावर सेनापतींना शंका काढायला जागा राहिली नाही. जिथं निरोप पोचला नाही तिथं काय होतं ते ओनोदा या लेफ्टनंटनं दाखवलं. फिलिपिन्सच्या एका बेटावर तो १९७४ पर्यंत लढत राहिला. पत्रकं टाकली, नातेवाइकांना बोलावलं, काही उपयोग नाही. शेवटी त्याच्या जुन्या वरिष्ठानं तिथं जाऊन तोंडी हुकूम वाचून दाखवला, तेव्हा त्यानं बंदूक खाली ठेवली. २९ वर्षं. एका माणसापर्यंत तह पोचला नव्हता.

२ सप्टेंबरला मिसुरी युद्धनौकेवर सह्या झाल्या. परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु लाकडी पायावर, काठी टेकत जहाजाची शिडी चढले. त्या मेजावर चीन, ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, नेदरलँड्स, न्यूझीलंड, सगळ्यांची सही आहे. वीस लाखांवर माणसं फौजेत धाडणाऱ्या हिंदुस्थानची नाही. आपली सही इंग्रजांच्या सहीतच धरली होती. स्वतंत्र भारतानं जपानशी स्वतःचा शांतता करार केला तो १९५२ च्या जूनमध्ये.

आपण स्वतः मेजाच्या जिंकलेल्या बाजूला बसलो ते १६ डिसेंबर १९७१ ला, ढाक्यात. जनरल जेकब कागद घेऊन गेले, पाकिस्तानी सेनापती नियाझींशी बोलले, आणि संध्याकाळी रेसकोर्स मैदानावर जनरल अरोरांसमोर सही झाली. तो कागद इतका आखूड आहे की एका पानात मावतो. पण त्यात शरण आलेल्या सैनिकांना जिनिव्हा करारानुसार सन्मानानं वागवलं जाईल असा शब्द आहे. जुन्या मराठी कागदांत याला कौल म्हणायचे. कौल दिला की तो मोडायचा नाही. ९३,००० कैदी आपण सांभाळले आणि परत पाठवले. आमच्या तालुक्यातल्या किती घरांतली माणसं त्या लढाईत होती! ढाक्याची गोष्ट निघाली की ते शरण आलेल्यांबद्दल एकही हलका शब्द बोलत नाहीत, हे मी लहानपणापासून बघितलंय.

इतकं सगळं तहाच्या बाजूनं बोललो. पण एक जागा अशी आहे जिथं माझं बोलणं थांबतं, आणि ती कोल्हापुरातच आहे.

लग्नाचा बस्ता बांधायचा असला की आपण गांधीनगरला जातो. तावडे हॉटेलवरून आत वळलं की दोन्ही बाजूंनी कापडाची दुकानं. ती वसवली फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी. पण त्यांच्याआधी तिथं, वळिवड्याच्या माळावर, दुसरेच निर्वासित राहून गेले होते. १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसं. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. पूर्व पोलंडमधून सोव्हिएतांनी १९४०–४१ मध्ये उचलून त्यांना सैबेरियाकडं नेलं होतं. पुढं सुटका झाल्यावर इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली, आणि काही थेट पंचगंगेच्या काठी. बैठ्या बराकी, त्यांच्यासमोर लावलेली फुलझाडं, शाळा, चर्च, दवाखाना. लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार त्यांचा कारभार बघायचं.

यातल्या कित्येक घरांतले बाप आणि भाऊ फौजेत होते. पोलिश दुसऱ्या कोअरमध्ये, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या फौजेत, इटलीत. ९ एप्रिलला सेनिओवर ज्या फौजा उतरल्या त्यांत आपली आठवी हिंदी डिव्हिजन होती आणि ती पोलिश कोअरही होती. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. शिरोळचे आबा आणि वळिवड्यातल्या मुलांचे वडील एकाच आघाडीवर होते. एकाची बायको शिरोळच्या मळ्यात, दुसऱ्याची तिथून बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर, वळिवड्यात. दोघी एकाच टपालाची वाट बघत.

फरक एवढाच की आबांचा मळा होता तिथंच होता. फेब्रुवारीत याल्टाला तीन बड्यांनी ठरवलं होतं की पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडं जाईल. ज्यांची घरं त्या भागात होती त्या सैनिकांना हे एप्रिलच्या आधीच कळलं होतं. त्यांच्या सेनापतीनं, जनरल आन्देर्स यांनी, निषेधही केला. तरी ते सेनिओ ओलांडून गेले, आणि २१ एप्रिलला बोलोन्यात शिरले. युद्ध संपून दोन महिने होतात न होतात तोच, ५ जुलैला, ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे जिंकलेल्या बाजूला असून वळिवड्यातल्या बाईला घर राहिलं नाही आणि सरकारही राहिलं नाही. तिचं नाव कुठल्याच कलमात नव्हतं. ‘तहात हरलो’ असं म्हणायचा हक्क खरा कुणाचा असेल तर तो तिचा.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. बरेच जण इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडं गेले. काही जणांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. आणि त्याच माळावर, आपली फाळणी ज्या मेजावर ठरली तिथं ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, ते सिंधी लोक येऊन उतरले.

महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आहे. सकाळी फिरायला येणारे त्याला वळसा घालून जातात. काही वर्षांपूर्वी तिथं मला परदेशी म्हाताऱ्यांचा एक छोटा गट दिसला. त्यांच्यातल्या एक आजीबाई घोळक्यातून बाजूला होऊन स्तंभापाशी उभ्या होत्या. मी जवळ गेलो तर त्यांनी नमस्कार केला, हात जोडून, मान वाकवून, आपल्याकडं बायका करतात तसा. मग त्यांनी “पंचगंगा” असा शब्द स्वच्छ उच्चारला आणि बोट दाखवलं. दिशा थोडी चुकली होती. मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरून तो जरा उजवीकडं वळवला. त्या बराच वेळ तिकडं बघत राहिल्या. झाडांमुळं काही दिसत नव्हतं.

मग मोडक्या इंग्रजीत विचारलं, वळिवड्याला अजून गाडी थांबते का?

“थांबते,” मी म्हणालो. “पॅसेंजर थांबते.”